दवबिंदूचा पत्ता

सरांच्या पत्रात तब्येतीची चौकशी नसे. माशी किती वाजता चिकटली, किती वाजता हलायची थांबली आणि पान तिच्यावर पुरतं वळायला किती वेळ लागला, एवढंच असे. खाली सही आणि सहीखाली रोप सापडल्याचं ठिकाण.

शांती नगरमधल्या आमच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहत. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. पत्नी गेल्यावर त्यांनी गॅलरी कीटक खाणाऱ्या वनस्पतींना देऊन टाकली. त्यात मुख्य दवबिंदू: बोटभर उंचीचं झाड, पानांवर लाल केस, केसांच्या टोकाला चिकट थेंब. त्यावर किडा उतरतो आणि सुटत नाही. नळाच्या पाण्याने ही झाडं मरतात, म्हणून शेजाऱ्यांच्या एसीच्या नळ्यांखाली सरांनी बाटल्या बांधल्या होत्या. वॉचमन त्यांना ‘मच्छरवाले सर’ म्हणे. “सरजी, आज कितने खाये?” तो विचारी. “दो. तीसरा चालू है,” सर गंभीरपणे सांगत.

झाडं मिळवायचा त्यांचा मार्ग पत्रव्यवहाराचा. घरात फोन होता, पण फोनवर माणसं अंदाजे बोलतात, असं त्यांचं मत. कोकणातले दोन-तीन शिक्षक त्यांना लिहीत, आणि भाईंदरजवळच्या उत्तन गावच्या फिलोमिनाबाई. बाई डोंगराच्या पायथ्याशी भाजी लावत. पावसाळ्यात वरच्या कातळावर दवबिंदू उगवला की त्या वहीच्या कागदावर कळवत, ‘मास्तर, तुमचा चिकटा आला हाय.’ मग भाजी घेऊन भाईंदरला येताना ओल्या शेवाळात गुंडाळलेली दोन रोपं डब्यातून आणत. दोनच. एकदा सरांनी तिसरं मागितलं, तर म्हणाल्या, “डोंगर काय तुमच्या बापाचा हाय?” सर हे कौतुकाने सांगत.

“पत्ता नसलेला नमुना म्हणजे वाळलेलं गवत,” असं ते म्हणत. प्रत्येक रोपाच्या चिठ्ठीवर आणि नोंदवहीत गाव, वाट आणि खूण असायचीच. फिलोमिनाबाईंच्या रोपांवर लिहिलेलं असे: उत्तन, डोंगराची पायवाट, जुन्या क्रूसापासून पूर्वेला चाळीस पावलं. कोणी अभ्यासासाठी माहिती मागितली की या चिठ्ठीची नक्कल पत्राला जोडली जाई. अभ्यास करणाऱ्यापासून ठिकाण लपवणं त्यांना परीक्षेत कॉपी करण्याइतकं हलकं वाटे.

मी वर्तमानपत्रात असल्याने त्यांचे मसुदे माझ्याकडे तपासायला येत. एका उन्हाळ्यात लांबच्या शहरातून एक पत्र आलं. छापील कागद, वर ‘वनस्पती अभ्यासक’. पहिल्या पत्रात पानांबद्दल प्रश्न होते, दुसऱ्यात मातीबद्दल. तिसऱ्यात विचारलं होतं: रोपं अंदाजे किती, फुलं कधी येतात, गाडी कुठपर्यंत जाते.

“सर, हा गाडीचं विचारतोय,” मी म्हटलं.

“वय झालं असेल हो. गुडघे दुखत असतील.”

“आणि रोपं किती, ते?”

“संख्या लागतेच. तुम्ही बातमीत नाही का विचारत, माणसं किती होती?”

उत्तराच्या मसुद्यात मी दोन स्वल्पविराम घातले आणि तो परत दिला. क्रूस आणि चाळीस पावलं त्यात होती.

सप्टेंबरमध्ये फिलोमिनाबाई थेट शांती नगरला आल्या. त्याआधी कधी आल्या नव्हत्या. सरांनी खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत.

“मास्तर, वरती काय न्हाय ऱ्हायला. सगला खरवडून नेलाय. माती पन.”

“कोणी?”

“दोघं आल्ते गाडी घेऊन. मी वाटंत आडवी आले, इचारला, कोन तुमी? तर कागद दाखवला. तुमचा अक्षर मी वलखते ना. म्हटला, मास्तरांची मानसं. मीच वर घेऊन गेले.”

सरांनी एकच प्रश्न विचारला, “बी धरलं होतं?”

“न्हाय. फुलं होती.”

दवबिंदू एका हंगामाचं झाड. बी पडण्याआधी उपटलं की संपलं. हे दोघांनाही ठाऊक होतं. दारात थांबून बाई म्हणाल्या, “मी दोन द्यायची, मास्तर. दोन.” त्यानंतर त्यांचं पत्र आलं नाही.

गॅलरीतल्या दोन रोपांचं बी सरांनी पुढच्या जूनमध्ये स्वतः डोंगरावर नेऊन टाकलं. ऑगस्टमध्ये मी बरोबर गेलो. पोटावर झोपून त्यांनी तासभर भिंगातून पाहिलं. माती नसल्याने बी पावसात वाहून गेलं होतं. खडक स्वच्छ होता.

त्याच आठवड्यात त्या ‘वनस्पती अभ्यासका’चं चौथं पत्र आलं. आभार मानले होते, आणि कोकणातल्या ठिकाणांची यादी मागितली होती. सरांनी उत्तर दिलं नाही. पुढचे काही महिने ते रोज सकाळी नोंदवही पुन्हा लिहीत बसत. जुनी जीर्ण झाली असेल, असं मला वाटलं.

हिवाळ्यात सर गेले. एका महाविद्यालयाने नोंदवही मागितली होती, म्हणून त्यांच्या मुलाने ती आधी मला पाहायला दिली. तारखा, वेळा, मापं नीट होती. ठिकाणं मात्र सगळी खोटी. उत्तनच्या जागी मुर्ध्याची मिठागरं, जिथे दवबिंदू उगवूच शकत नाही. कोकणातल्या कातळसड्यांच्या जागी रेल्वे स्टेशनं. जुनी वही आणि रोपांच्या चिठ्ठ्या घरात कुठेच सापडल्या नाहीत. त्यांचं आयुष्यभराचं काम आता कोणत्याच अभ्यासकाच्या उपयोगाचं नव्हतं.

निरोप सांगायला मी उत्तनला गेलो. फिलोमिनाबाई वाफ्यात खुरपत होत्या. सर गेल्याचं ऐकून त्यांनी कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावली. मी वहीचं सांगितलं.

“बरा केला,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “यंदा चिकटा आल्ता. दुसरीकडं. थोडाच.”

“सरांना कळवलं होतंत?”

“न्हाय.”

“कुठे आला होता?” माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी खुरपं थांबवलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“तुमी पेपरवाले ना?” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा खुरपू लागल्या.