सगुणाबाईंनी लपवलेले बोंबील

सगुणाबाईंनी चाळीस वर्षं अंधेरीच्या बाजारात मासळी विकली. गिऱ्हाइकं पापलेट आवडीने न्यायची, पण बसमध्ये तीच माणसं बाईंच्या टोपलीपासून चार हात लांब सरकायची. सगुणाबाई एरवी तोंडाने फटकळ. या एका गोष्टीवर मात्र त्या कधी बोलल्या नाहीत, आतल्या आत सोसत राहिल्या.

त्यामुळे सून नेत्राने वर्सोव्याच्या घरी पर्यटकांना जेवू घालायचं काढलं, तेव्हा सासूबाईंनी एकच हट्ट धरला. आलेला पाहुणा आपल्या गावाला नावं ठेवून जाता कामा नये.

पहिले पाहुणे नागपूरचे, सहदेव आणि अनुपमा. त्या सकाळी सगुणाबाईंनी नको तो उद्योग केला. घरातले सुके बोंबील डब्यासकट शेजारच्या विमलाकडे नेऊन ठेवले आणि इतक्या उदबत्त्या लावल्या की नेत्राला ठसका लागला. कोळणीनेच बोंबील घराबाहेर काढावेत, आता काय बोलायचं!

किनाऱ्यावर वलांडींवर, म्हणजे बांबूच्या आडव्या मांडवांवर, बोंबील जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून वाळत होते. पाहुणे त्यांच्यामधूनच चालत आले. अनुपमाने नाकाला रुमाल धरला होता. दारातून ते पाहिलं आणि सगुणाबाईंनी आणखी एक उदबत्ती पेटवली.

ताटात तळलेली सुरमई, कालवण, भात. "छान आहे," अनुपमा म्हणाली. "अगदी हॉटेलात खाल्ली तशीच."

नेत्राचा चेहरा उतरला. हॉटेलातलंच खायचं, तर एवढ्या लांब कोण कशाला येईल?

तेवढ्यात भिंतीपलीकडून खमंग वास आला. विमला निखाऱ्यावर बोंबील भाजत होती, आणि तेही सगुणाबाईंच्याच डब्यातले! अनुपमाचा घास हातातच राहिला.

"काय भाजतायत हो? पोट भरलं होतं, परत भूक लागली."

"सुके बोंबील," सगुणाबाई म्हणाल्या. मग त्यांना राहवेना. "तू नाकाला रुमाल धरलास ना, ते हेच गो. मीच लपवून ठेवले. लाज वाटली मला."

अनुपमा ओशाळली. "चुकलं माझं, मावशी. मला वाढाल का?"

सगुणाबाई उठल्या त्या तडक विमलाकडून डबा घेऊन आल्या. बोंबील भाजले, लसूण आणि लाल मिरची घालून खलबत्त्यात कुटले, सोबत तांदळाची गरम भाकरी दिली. अनुपमाने तीन भाकऱ्या खाल्ल्या. सहदेवने तर ताट पुसून घेतलं आणि म्हणाला, "उद्या सगळं फिरणं रद्द. जेवायला इथेच येणार."

निघताना अनुपमाने आईसाठी थोडे बोंबील मागितले. नेत्रा पिशवी शोधायला वळली.

"पिशवी राहू द्या, यातच बांधा," असं म्हणून अनुपमाने पुढे केला तो मघाचाच रुमाल.

सगुणाबाईंनी गाठ मारून गाठोडं तिच्या हातात दिलं. चाळीस वर्षं टोपलीपासून लांब सरकलेली माणसं आठवली, आणि ही पोर तर बोंबलांचं गाठोडं छातीशी धरून उभी होती. "लई उपकार झाले गो बाय तुझे," त्या म्हणाल्या.

पाहुणे वलांडींमधून दिसेनासे होईपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या. त्यांनी समुद्राला हात जोडले, डोळे पुसले आणि आत वळून सुनेला म्हणाल्या, "नेत्रा, उद्यापासून उदबत्ती देवापुरतीच लावायची गो."