दामाजीने उलटवलेली फियाट

दामाजी कोळ्याचे वडील कळव्याच्या खाडीकाठी होड्या बांधायचे. नवी होडी पाण्यात उतरली की तीत पहिला बसायचा तो बांधणारा. गळली तर आधी त्याचे पाय भिजायला हवेत. दामाजी वेल्डर झाला, तरी हा रिवाज त्याने सोडला नाही.

एक्क्याण्णव साली नौपाड्याचा हेमंत चित्रे शर्यतीसाठी जुनी फियाट घेऊन आला. गाडी उलटली तर टप चेपू नये म्हणून आत पाइपांचा पिंजरा बसवायचा होता, आणि त्यासाठी या गृहस्थाने खुर्च्यांचा पातळ पाइप आणलेला. वजन वाढलं की गाडी मागे पडते, म्हणे.

दामाजीने त्याच पाइपाचा पिंजरा जोडला. मग हेल्मेट घातलं, आत बसून पट्टा आवळला आणि आम्हा शेजाऱ्यांना म्हणाला, "उलटवा."

आम्ही आठ जणांनी गाडी टपावर पाडली. पाइप वाकून त्याच्या हेल्मेटला टेकला.

गाडी सरळ केल्यावर तो बाहेर आला. "जाड पाइप आणा."

"अहो, शर्यतीत कोण उलटतंय? चालेल हाच," चित्रे म्हणाला.

दामाजीने हेल्मेट त्याच्या हातात दिलं. "मग आता तुम्ही बसा. परत उलटवतो."

चित्रेने हेल्मेटकडे पाहिलं आणि जाड पाइप कुठे मिळेल ते विचारलं.