समासातला लाल प्रश्न

भामरागडकडचं ते जळीत प्रकरण मी आजही विसरलेलो नाही. पन्नासच्या दशकात मी तिथे नवा फौजदार होतो. वर जाणारे कागद इंग्रजीत लिहावे लागत. ठाण्यात माझं इंग्रजी सर्वांत चांगलं होतं, आणि ते मला जरा जास्तच ठाऊक होतं.

एका सकाळी ठेकेदाराचा मुकादम खबर घेऊन आला. आदल्या दिवशी सागवानाचा डेपो जळाला होता. आपल्याशी भांडलेल्या एका लाकूडतोड्या गड्यानेच आग लावली, असं त्याचं म्हणणं. मी पंचनामा केला, गड्याला अटक केली, डेपोवरच्या चार परगावच्या मजुरांचे जबाब घेतले. चौघांनीही त्याचंच नाव घेतलं. गडी तेवढा "म्या नाई लावली जी" म्हणत कोठडीत बसला; त्या दिवशी तो कुठे होता, हे मी विचारलंच नाही. त्याची म्हातारी आई ठाण्याच्या पायरीवरून हलेना.

कागद वर गेले आणि परत आले. प्रत्येक जबाबाशेजारी समासात डेप्युटी साहेबांनी लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हाऊ डू यू नो?' मला वाटलं, साहेब मलाच झापताहेत. मी झोकात उत्तर लिहिलं, सगळं गाव सांगतं. कागद पुन्हा आले. 'हा प्रश्न तुम्हाला नाही, साक्षीदाराला आहे. प्रश्न लिहा, खाली त्याचं उत्तर लिहा.'

अंगाचा तिळपापड झाला, पण हुकूम तो हुकूम. मजुरांना पुन्हा बोलावलं.

"तुला कसं माहीत?"

"मुकादमभाऊ सांगून राह्यला होता."

चौघांचं उत्तर हेच. साक्षीदार चार आणि पाहणारा एकच! मग मुकादमाला समोर बसवलं.

"म्या सोता पायलं, साहेब."

"एवढ्या धुरात ओळखलंस कसं?"

"खांद्यावर कुऱ्हाड होती ना! थो कुऱ्हाडीबिगर फिरते का कधी?"

पायरीवरची म्हातारी ताडकन उठली. "साहेब, त्या दिवशी आमचा पंडुम होता. याले इचारा, कुऱ्हाड आली कुठून?"

पंडुम म्हणजे त्यांचा सण. त्या गावात सणाला साऱ्या कुऱ्हाडी गावदेवापुढे ठेवतात. दुसऱ्या सकाळपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. मी स्वतः जाऊन पुजाऱ्याकडून खात्री केली. गड्याची कुऱ्हाड देवापाशीच होती, आणि गडी दिवसभर तिथेच ढोल वाजवत होता. बाहेरून आलेल्या मुकादमाला हा रिवाज ठाऊक नव्हता. खोटं सजवायला गेला आणि तोंडघशी पडला. संध्याकाळपर्यंत त्याने कबुली दिली. चांगला माल त्याने आधीच लांबवला होता आणि चोरी झाकायला उरलेल्याला काडी लावली होती. डेपोचा शिक्का मारलेली ती लाकडं नाल्यात पाचोळ्याखाली सापडली.

त्यानंतर मी लिहिलेल्या एकाही जबाबात तो प्रश्न सुटला नाही. नव्या पोरांनाही मी तो लिहायला लावला. ते मागे कुरकुरत, कुरकुरू देत.

पुढे शाबासक्या पुष्कळ मिळाल्या. पण अभिमान वाटतो तो गडी सुटला त्या दिवसाचा. दारात थांबून त्याने विचारलं, "साहेब, म्या नाई लावली, हे तुमाले कसं समजलं जी?"

या वेळी प्रश्न मलाच होता, आणि माझ्याकडे उत्तर होतं.