बाईनं वडावर चढायचं नाही

फोनवरच्या माणसानं पहिल्याच वाक्यात विचारलं, "झाडं तोडणारं पावणं तुम्हीच न्हवं?"

"तोडत न्हाई, छाटतो," मी म्हटलं.

"तेच की."

"तेच न्हाई," मी म्हटलं आणि गावाचा रस्ता विचारून घेतला.

छाटतो म्हणजे मी आणि माझी नणंद. आमच्या कामात तिसरं कुणी नाही. कॉलेजात असताना मी पन्हाळ्याच्या बाजूला कडे चढायला शिकले होते. पुढं कागलच्या एमआयडीसीत माल तपासायची नोकरी केली. आमच्या कोल्हापुरातल्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनी चिंच होती. तारांना लागते म्हणून एका ठेकेदारानं तिची एक बाजू पार भुंडी केली, दुसरी तशीच ठेवली. पुढच्या पावसाळ्यात ती जड बाजूला कलली आणि मुळासकट आडवी झाली. सगळे म्हणाले, म्हातारं झाड होतं, जायचंच. मला इतका राग आला की नोकरीत लक्षच लागेना. म्हातारं होतं म्हणून गेलं नव्हतं, ते लोकांनी पाडलं होतं. तो राग घेऊनच मी जुनी झाडं सांभाळायचं काम शिकले आणि नोकरी सोडली. घरात महिनाभर कुणी माझ्याशी धड बोललं नाही. नणंद तेव्हा नवऱ्याला सोडून माहेरी आली होती. लोकांची बोलणी ऐकत घरात बसायचं तिला नव्हतं आणि मला खाली दोर धरायला विश्वासाचं माणूस हवं होतं. ती अंगानं दणकट आणि तोंडानं त्याहून दणकट. मी फांदीवर असते तेव्हा माझा जीव तिच्या हातात असतो, हे आम्ही दोघी एकमेकींना कधी बोलून दाखवत नाही.

गाव कागलच्या खाली, सीमेच्या अंगाला. वेशीवरच वड. किती जुना हे कुणालाच सांगता येईना. प्रत्येकानं आपापल्या आज्याचं नाव घेतलं आणि त्याच्याही आधीचा म्हणून सांगितलं. त्याच्या सावलीत एसटीचा थांबा, एक चहाची टपरी आणि रस्त्याच्या कडेला पत्र्याची पिठाची गिरणी. बुंध्याभोवती सिमेंटचा पार, तोही सालीला घट्ट चिकटवून बांधलेला. सिमेंटच्या वर साल कमरपट्ट्यातून पोट बाहेर यावं तशी फुगली होती. बुंध्यावर कुणाकुणाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचे खिळे. रस्त्यावर उतरणाऱ्या पारंब्या ट्रकला लागतात म्हणून दरवर्षी कापलेल्या.

नुकत्याच सरलेल्या पावसाळ्यात त्या वडाची एक फांदी गिरणीच्या पत्र्यावर पडली होती. आत गिरणीवाली अक्का जोंधळा दळत होती. पत्र्याची कड तिच्या दंडावर आली आणि हाड मोडलं. आम्ही पोचलो तेव्हा प्लास्टर निघालं होतं, पण हात अजून गळ्यातल्या पट्टीतच होता. गिरणीवर आणखी एक मोठी फांदी आडवी गेली होती, पडलेल्या फांदीच्या दुप्पट जाडीची.

पारावर माणसं जमली होती. मधोमध देवस्थानाचे पंच असलेले आण्णा बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर काठी. त्यांनी माझ्या खांद्यावरचा दोर बघितला, डोक्यावरचं हेल्मेट बघितलं आणि मग माझ्या मागं बघितलं.

"चढणारा कुठं हाय?"

"मीच चढणार, आण्णा."

लोक हसले. आण्णा हसले नाहीत. "बाईनं वडावर चढायचं न्हाय. ह्यो देवाचा वड हाय. मशीन सांगतो मी, बुडापासनं आडवा करायला. एका दिवसात मोकळं."

मला वाटतं, माणूस आयुष्यात काही वाक्यं आधीच तयार करून ठेवतो आणि ती वापरायची वेळ त्या दिवशी येते. "वटपौर्णिमेला बाई चालती," मी म्हटलं. "फेऱ्या मारताना, दोरा गुंडाळताना, नवऱ्यासाठी मागणं मागताना चालती. मग त्याचं दुखणं बघायला चढली तर का चालत न्हाई? आणि देवाचा वड हाय म्हणताय, तर मशीन कशाला सांगताय?"

नणंदेनं तेवढ्यात पिशवीतनं पकड काढून खिळे उपटायला सुरुवातही केली होती. एका तरण्यानं तिला अडवलं. "ओ ताई, सायबांचा बोर्ड हाय त्यो."

"मग सायबास्नी हितं उभं करा," ती म्हणाली, "आणि त्यांच्या पाठीत मारतो चार खिळं. बघूया कसं वाटतंय." आणि उपटलेला खिळा तिनं त्याच्या हातावर ठेवला. तो खिळा खिशात घालून निघून गेला.

खरा वाद आण्णांशी नव्हताच. खरा वाद अक्काशी झाला. ती पिठानं पांढरी झालेल्या लुगड्यातच आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ह्ये पडणार न्हाई म्हणून लिवून देतीस?"

"न्हाई."

"मग कशाला आलीस?"

"हमी कुठल्याच झाडाची देता येत न्हाई, अक्का. पण त्याचं वजन कमी करता येतंय. लांब गेलेली टोकं मागं आणली की वाऱ्याचा जोर कमी बसतो."

"टोकं नकोत. गिरणीवरची आख्खी फांदी काढ."

"आख्खी काढली तर तेवढी मोठी जखम झाडाला भरून येत न्हाई. आतनं कुजतंय."

"आणि माझा हात?" ती ओरडली. तिचा राग वाढला की तोंडात कन्नड येतं, तसं आलं. मला शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. तिची भीती खोटी नव्हती. त्या फांदीखाली ती रोज उभी राहून दळत होती आणि मी दोन दिवसांनी निघून जाणार होते. तरी मी हटले नाही. म्हटलं, "मी वर जाऊन बघते. खालनं बघून कुणाला मरणाची शिक्षा द्यायची न्हाई. वरनं जे दिसंल ते तुम्हांला जसंच्या तसं सांगते."

चढायच्या आधी आम्ही घरटी बघितली. दोन हरियाल कबुतरं फळं खात होती, घरटं कुठं नव्हतं. मी लाकडी हातोड्यानं बुंध्यावर ठोकत फिरले. घट्ट, भरीव आवाज. बुंधा चांगला होता आणि त्यानं माझा हुरूप वाढला. वडावर चढणं तसं सोपं असतं, पकडायला भरपूर असतं. पण चीक फार. पहिल्याच तासात हात चिकटून येतात आणि केसात गेलेला चीक तेल लावल्याशिवाय निघत नाही. तांबड्या मुंग्यांनी मानेला घेरलं. खालून लोक बघतायत हे माहीत असल्यामुळं मी मान खाजवलीसुद्धा नाही.

गिरणीवरच्या फांदीच्या पाठीवर पोचले आणि थांबले. खालून न दिसणारी एक लांब चीर वरच्या बाजूनं गेली होती. तिच्यात पावसाचं पाणी मुरत आलं होतं. मी करवतीचं टोक आत घातलं तर मुठीपर्यंत गेलं. आतलं लाकूड भिजल्या भाकरीसारखं हाताला आलं. ती फांदी वाचवण्यासारखी राहिली नव्हती. टोकं कमी करून भागणार नव्हतं.

मला ते आवडलं नाही. अख्ख्या गावासमोर मी फांदी ठेवायची म्हणून भांडले होते. पण झाडासाठी भांडायचं म्हणजे झाडाबद्दल खरंच सांगायचं. मी ओरडले, "अक्का, ही फांदी गेलेली हाय. ही काढायला पाहिजे. आख्खी."

खाली एकदम गलका झाला. आण्णांनी काठी आपटली. "बघा! बाईच म्हणतीया. एक कुजली म्हंजे सगळंच कुजलं. मशीन सांगा."

आणि तेव्हा अक्का बोलली. मला वाटलं, ती आता म्हणणार, व्हय, पाडा. तिनं गळ्यातल्या पट्टीतला हात वर करून दाखवला.

"माझा हात मोडला तवा मला जाळलासा काय, आण्णा?"

आण्णांनी आपटलेली काठी परत मांडीवर घेतली.

"हात मोडला तर हाताचं बघायचं. ती पोरगी फांदी काढतीया, काढू द्या. झाडाला कुणी हात लावायचा न्हाई." मग वर बघून माझ्यावरही ओरडली, "आणि तू, पत्र्यावर एक ढलपी जरी पाडलीस तर बघ!"

दोन दिवस लागले. एवढी फांदी एका घावात पाडता येत नाही. टोकाकडून एकेक तुकडा दोरानं बांधायचा, दोर वरच्या बेचक्यातून घ्यायचा, खाली नणंदेनं तो बुंध्याला वेढे देऊन धरायचा आणि मी कापलं की हळूहळू सोडायचा. आधी खालून थोडं कापायचं, मग वरून, नाहीतर फांदी पडताना साल ओढून बुंध्यापर्यंत सोलत जाते. एक तुकडा अंदाजापेक्षा जड निघाला. सुटला आणि झोका खाऊन थेट पत्र्याकडं गेला. खाली नणंद दोराबरोबर फरफटत बुंध्याला जाऊन आदळली, पण वेढा सुटू दिला नाही. तुकडा पत्र्यापासून हातभर अंतरावर डुलत राहिला.

"वैनी," ती धापा टाकत ओरडली, "ह्येच्यापेक्षा नवरा हलका हुता!"

सगळी वेस हसली. मीसुद्धा वरच्या वर दोराला लोंबकळत हसले आणि हसता हसता मला रडू आलं.

शेवटचा काप फांदीच्या बुडाशी. तिथं झाडाची एक फुगीर कड असते, ती ठेवून कापायचं. जखम भरायला साल तिथूनच पुढं येते. कुणीतरी डांबर आणलं, कुणी शेण कालवलं. मी दोन्ही लावू दिलं नाही. झाडाला मोकळी हवा लागते. दुसऱ्या बाजूची टोकंही मी थोडी मागं आणली, म्हणजे वजन पुन्हा सारखं होईल. मग बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडलं. त्या कामाला गावातल्या बायाच आल्या, पहारी घेऊन. पारावर बसायची जागा कमी झाली म्हणून आण्णा चिडले. एका बाईनं त्यांना घरनं खुर्ची आणून दिली.

रस्त्याच्या बाजूला एक लांब फांदी उरली होती. तिच्या कडेच्या, ट्रकच्या वाटेत न येणाऱ्या पारंब्या आम्ही मातीनं भरलेल्या पाइपात सोडल्या. जमिनीत पोचल्या की त्याच तिचे खांब होतात. त्याला काही वर्षं जातात. तोवर पाइपातली माती ओली ठेवायला हवी. अक्कानं ते आपल्या अंगावर घेतलं, मी सांगायच्या आधीच.

पुढच्या वटपौर्णिमेला घरी पुजायला वडाची फांदी मोडून न्यायला आलेल्यांना तिनं गिरणीच्या दारात उभं राहून परत पाठवलं. "हितं येऊन पुजा. त्येला मोडून घरला न्हेऊ नका." काही बाया रुसल्या. बऱ्याचशा राहिल्या.

पावसाळ्यात एका सकाळी तिचा फोन आला. आदल्या दिवशी मोठं वारं झालं होतं. मी आधी झाडाचंच विचारलं.

"झाड हाय," ती म्हणाली. "पत्राच उडाला. त्येनं काय केलं न्हाय, वाऱ्यानं उडाला. तुला सांगून ठिवलं, न्हायतर कोण तरी म्हणंल वडानं पाडला."

यंदा रस्ता रुंद करायचं निघालं. मोजणीवाले आले आणि वडाच्या बुंध्यावर तांबडी खूण करून गेले. आम्ही दोघी तिथं पोचलो तेव्हा अक्का तारेच्या ब्रशनं खूण घासत होती. मी म्हटलं, अक्का, साल निघंल, थांबा. तिनं ब्रश टाकला आणि मला म्हणाली, "मग तू सांग काय करायचं." आम्ही ग्रामसभेत हरकत घेतली. अधिकारी वडाखाली आले. सरळ रस्ता हवा म्हणाले. मी म्हटलं, हितं पलीकडं मोकळं रान पडलंय, रस्ता वळवा, झाड वळत न्हाई. त्यांनी विचारलं, तुम्ही गावच्या का? मी नाही म्हटलं. मग तुमचा काय संबंध, म्हणाले.

"तिचा संबंध हाय," मागून आवाज आला. आण्णा होते. माझ्याकडं न बघता बोलत होते. त्यांना मी अजूनही आवडत नाही आणि बाईनं वडावर चढू नये हे त्यांचं मत तसंच आहे. पण खुर्ची त्यांनी बरोबर त्या तांबड्या खुणेसमोर मांडली होती आणि त्या दिवशी ते तिथून उठले नाहीत.

रस्त्याची मोजणी पुन्हा झाली आहे. नव्या खुणा पलीकडच्या मोकळ्या रानातून गेल्या आहेत. कागदावर वळण आलंय, जमिनीवर यायचंय. कुणी म्हणतं, बदलतील परत. बदलू देत. गाव कोल्हापुरापासून लांब नाही आणि आमचा दोर गाडीतच असतो.