मल्लूने पास केलेलं पुस्तक

मल्लू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आष्टीला मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारच्या एसटीडी बूथवाल्याने मांडवात येऊन माझं नाव पुकारलं. फोनवर मुलगा एवढंच म्हणाला, "आप्पा, मल्लूकाका सकाळी ड्युटीवरच वारले. तुमी निघा." हातावरचं वरण वाळून गेलं होतं, ते तसंच घेऊन मी बसस्टँड गाठला. मांजरसुंब्याच्या फाट्यावर परळीची गाडी मिळायला दीड तास लागला. ढाब्यावर सगळी माणसं जेवत होती, हसत होती, आणि मला प्रत्येकाचा राग येत होता. कुठली गाडी किती वाजता हे मी आयुष्यात कधी पाठ केलं नाही, कारण ते मल्लूला पाठ असायचं.

आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. मी पोचलो तेव्हा त्याला बसवलेलंच होतं. कपाळाला भस्म, डाव्या तळहातावर लिंग, मान किंचित कलती, खिडकीची जागा मिळाल्यासारखा. मला ते बघवेना. इतकी वर्षं निघायचं निघायचं म्हणणारा हा माणूस शेवटी निघाला तो असा… आणि मी त्याच्यासोबत नव्हतो.

मल्लिकार्जुन परळी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून होता आणि माझं स्टेशन रोडला भांड्याचं दुकान. दोस्ती शाळेपासूनची, त्याच्या तोंडी माझं नाव बसू. ड्युटी संपली की तो दुकानात येऊन एका उपड्या पातेल्यावर बसायचा. खुर्ची दिली तर म्हणायचा, "खुर्चीवर दिवसभर सरकारसाठी बसतोच की बे." एका मे महिन्यात त्याने पाठीवर भलीमोठी पिशवी घेतलेली एक गोरी मुलगी दुकानात आणली. वैजनाथाचं देऊळ स्टेशनपासून दहा मिनिटांवर आहे असं तिच्या प्रवासाच्या पुस्तकात छापलं होतं. त्या भरवशावर ती भर उन्हात पायीच निघाली, रस्ता चुकून उलट्या दिशेला गेली आणि वीज केंद्राच्या राखेने पांढरी होऊन परत आली. तिने तांब्याभर पाणी एका दमात संपवलं. तेवढ्या वेळात मल्लूने ते पुस्तक चाळलं. ती रिक्षात बसून देवळाकडे गेल्यावर म्हणाला, "बसू, एकटी पोर हाय. ना गाईड, ना कंपनी. एका पुस्तकावर एवढ्या लांब आली. मग आपल्याला काय धाड भरली?"

त्याच सुमारास वर्तमानपत्राच्या पुरवणीत जावा बेटावरच्या एका शिवमंदिराचा फोटो आला. मल्लूने तो कापून पाकिटात ठेवला. "आपला महादेव समुद्र वलांडून तिकडं काहून गेला असंल? जाऊन बघू." परदेशी सहलींची रंगीत पत्रकं तेव्हा परळीपर्यंत यायला लागली होती, डॉलर मिळणंही पहिल्याइतकं अवघड राहिलं नव्हतं. पण त्या सहली बाजार दाखवून परत आणणाऱ्या. "मेंढरं मोजून न्हेत्यात तसं न्हाई जायचं," मल्लू म्हणाला. "पुस्तक घिऊन आपलं आपण जायचं."

प्रश्न उरला कुठलं पुस्तक, आणि इथे मल्लूचा खरा स्वभाव बाहेर आला. रेल्वेचा पास होताच. रविवारी हैदराबादला जाऊन फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून त्याने तीन कंपन्यांची पुस्तकं आणली; जावाची नव्हे, भारताची. त्याचं म्हणणं असं, की जावा आपण बघितलं नाही, तेव्हा जावाचं पुस्तक खरं की खोटं हे आपल्याला कसं कळणार? परळी मात्र आपल्याला ठाऊक आहे. जी कंपनी परळीबद्दल खरं लिहील, तिचंच जावाचं पुस्तक घ्यायचं. पहिल्या पुस्तकात परळी नव्हतीच. दुसऱ्यात "वीज केंद्राचं गाव, थांबण्यासारखं काही नाही" एवढंच होतं. ते वाचून मल्लू चार दिवस दुकानात फिरकला नाही. तिसरं त्या मुलीजवळ होतं तेच. त्यात मनापासून लिहिलं होतं, पण अंतर चुकलेलं. मग हा गडी स्टेशनपासून देवळापर्यंत दोनदा पायी जाऊन आला आणि माझ्या गल्ल्यावर बसून त्या कंपनीला दोन पानी इंग्रजी पत्र लिहिलं. रिक्षा कुठे मिळते, राखेचा रस्ता कुठला, श्रावणी सोमवारी का येऊ नये, सगळं. चार महिन्यांनी उत्तर आलं: आभारी आहोत, नव्या आवृत्तीच्या वेळी विचार करू.

आता जे सांगायचं ते घरीही कुणाला सांगितलेलं नाही. नवी आवृत्ती निघेपर्यंत थांबायचं ही अट मल्लूची नव्हती, माझी होती. एका रविवारी त्याने हैदराबादहून फोन केला. आवाजात नुसता आनंद. "त्याच कंपनीचं जावाचं पुस्तक सापडलं बे. एका अंतराची तर चूक, चालतंय. घिऊ का?" माझा पासपोर्टचा फॉर्म तेव्हा दुकानाच्या ड्रॉवरमध्ये तसाच कोरा पडला होता. मला विमानाची भीती वाटत होती, तिकडच्या जेवणाची वाटत होती, महिनाभर दुकान सोडायची तर फारच. हे त्याला सांगायची लाज वाटली. म्हणून मी त्याचीच परीक्षा त्याच्यावर उलटवली. म्हटलं, "आधी परळीची दुरुस्ती छापू दे, मग घेऊ. तूच म्हणतोस ना?" तो म्हणाला, "बराबर हाय तुझं." पुस्तक तिथेच ठेवून तो परत आला. पुढे त्याचा पासपोर्ट आला. अधूनमधून विचारायचा, "तुझा आला का?" मी म्हणायचो, "येईल." अशी तीन वर्षं गेली.

माती होऊन महिना झाला आणि परवा पार्वतीवहिनी, मल्लूची बायको, दुकानात आल्या. हातात परदेशी पोस्टाची तिकिटं लावलेलं पार्सल आणि मल्लूचा पासपोर्ट. "भाऊजी, मला इंग्रजी येत न्हाई. तुमीच ठिवा." जाता जाता म्हणाल्या, "मी लई बार म्हणलं, एकटे जाऊन या. तर म्हणायचे, बसूला सोडून काय मजा हाय?"

त्या गेल्यावर मी पार्सल फोडलं. भारताच्या पुस्तकाची नवी आवृत्ती, आत आभाराची चिठ्ठी. मल्लूने केलं असतं तेच मी केलं, आधी परळीचं पान काढलं. देऊळ स्टेशनपासून अडीच किलोमीटर. राखेचा रस्ता टाळा. श्रावणी सोमवारी गर्दी. सगळं बरोबर होतं. कुठलं पुस्तक घ्यायचं ते अखेर ठरलं. उपडं पातेलं समोरच होतं, सांगायचं कुणाला?

शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत एक यादी आहे. आपल्या प्रवासातून आम्हाला पत्रं पाठवणाऱ्या प्रवाशांचे आभार, असं वर छापलंय. जगभरातली नावं. बोट फिरवत फिरवत मी मल्लिकार्जुनपाशी आलो. मग त्याचा पासपोर्ट उघडला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक पान उलटलं. कुठेच एकही शिक्का नाही. या प्रवाशांमध्ये कुठेही न गेलेला माणूस हा एकटाच असणार… आणि तो माझ्यासाठी थांबला होता.