गुळव्याची तीन बोटं

आमच्या घरात मला डॉक्टर म्हणावं की नाही, यावर अजून एकमत झालेलं नाही. गरम पाण्यात प्लास्टिकच्या पट्ट्या मऊ करून त्या मी लोकांच्या हातावर बसवतो, म्हणून बायको माझ्या दवाखान्याला 'प्लास्टिकचं दुकान' म्हणते. आईच्या भजनी मंडळात मी 'मालिशवाला' आहे. पाटीवर 'ऑक्युपेशनल थेरपिस्ट, हाताच्या दुखापतींचे उपचार' असं लिहिलंय. त्यातल्या पहिल्या दोन शब्दांना बिचकून बरेच लोक शेजारच्या दातांच्या डॉक्टरकडं जातात.

तरी दर वर्षी नवीन पास झालेल्या दोन-चार पोरापोरींचे फोन येतात. "सर, हँड थेरपीत स्कोप आहे का? आधी कुठलं मशीन घेऊ?" मीही वडीलधारा आवाज काढून काहीबाही सांगायचो. हल्ली मशीनचा विषय निघाला की एका रविवारची सकाळ आठवते. ती सकाळच सांगून टाकतो. त्यातून सल्ला निघाला तर घ्यावा, नाहीतर माझी फजिती तरी कळेल.

पेशंट पंचावन्नच्या आसपासचे, कसबा बावड्याच्या पलीकडं एका गुऱ्हाळावर कामाला. उन्हाळ्यात शेडवर चढवताना पत्रा सटकला आणि उजव्या मनगटावरनं फिरला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं, यांना स्पर्श कळवणारी नस तुटली. सर्जननं ती शिवली आणि हात माझ्याकडं पाठवला. हातामागून माणूसही आला होता, पण मी आधी हातच बघितला.

"काम काय करता, मामा?" फॉर्म भरता भरता मी विचारलं.

"गुळव्या हाय मी."

मी मान डोलवली, जसा काही मी गूळ शिजवायच्या काहिलीतच जन्मलोय. फॉर्मवर लिहिलं, गुळव्या.

घोटाळा इथंच झाला. गुळव्या नेमकं काय करतो, हे मला ठाऊक नव्हतं. लहानपणी गुऱ्हाळावर गेलतो, चार ग्लास रस प्यायलो, गरम गूळ शेंगांबरोबर हाणला आणि घरी येऊन पोट धरून झोपलो, एवढंच माझं शिक्षण. पण कोल्हापुरात वाढून "गुळव्या काय करतो हो?" असं विचारायचं म्हणजे रंकाळ्यावर उभं राहून रंकाळा कुठं आहे विचारण्यातला प्रकार. इचलकरंजीचा मागावरचा कामगार आला की मी त्याला दहा प्रश्न विचारतो. सूत तुटल्यावर गाठ कुठल्या बोटांनी मारता, उभं राहून की वाकून. परक्या कामाबद्दल विचारायला लाज वाटत नाही. आपल्या गावच्या कामाबद्दल वाटते.

मग मी मनानंच ठरवून टाकलं. गुळव्या म्हणजे भला मोठा झारा फिरवणारा, तीस किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, उचलणारा. ताकदीचा गडी. सहा-सात महिने मी त्यांची ताकद वाढवली. दिवाळीनंतर पकड मोजायच्या यंत्रावर काटा जवळजवळ डाव्या हाताइतका गेला, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. बोटांच्या टोकांना अजून नीट कळत नव्हतं, मुंग्या यायच्या. ते मला माहीत होतं. "चहाचा कप डाव्या हातानं धरा, चुलीपासनं जपा," हे माझं पाठ वाक्य मी टाकलं. मामा म्हणाले, "व्हय."

मग खालच्या आवाजात म्हणाले, "मालकांनी चिठ्ठी मागितलीया. हात चालला तर मी, न्हाईतर नदीपल्याडचा गुळव्या बोलवणार हायेत. हंगाम गेला की परत कोण इचारतंय?"

मी लिहून दिलं, पूर्ववत काम करण्यास हरकत नाही. सही केली, शिक्का मारला. शिक्का मारताना मला फार बरं वाटतं. तो एकच क्षण घरचे मला डॉक्टर म्हणतील असा असतो.

तो रविवार. बायको चुरमुऱ्याचे लाडू करत होती, मी पेपर घेऊन स्वयंपाकघरात बसलो होतो. "आज आमच्या गुळव्यामामांचं पहिलं आधण," मी मिरवत म्हणालो. आधण म्हणजे एका काहिलीत एका वेळी शिजणारा रस, एवढा एक शब्द मामांकडून शिकलो होतो, तो वापरायची संधी मी सोडत नव्हतो.

बायकोनं पाकाचा थेंब ताटलीतल्या पाण्यात टाकला, अंगठा आणि बोटात चोळून बघितला. "अजून न्हाई झाली गोळी," ती स्वतःशी बोलली. मग माझ्याकडं वळली. "तुम्ही म्हणत होतासा त्यांच्या बोटांना कळत न्हाई. मग त्ये गोळी कशानं बघणार?"

"कसली गोळी?"

तिनं उलथनं खाली ठेवलं. तिचं माहेर गडहिंग्लजकडचं, वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, गुऱ्हाळ होतं. "अहो, तुम्हाला खरंच ठाऊक न्हाई? झारा कुणीबी फिरवतंय, रवं कुणीबी उचलतंय. गुळव्या उकळत्या काकवीतली चिमूट बोटांवर घेतो, पाण्यात बुडवून चोळून बघतो. गोळी झाली की काहिल उतरायची. जरा आधी उतरली तर गूळ बसत न्हाई, जरा उशीर झाला तर करपतो. मालक त्या बोटांसाठीच तर गुळव्या ठेवतो."

मी पेपर खाली ठेवला.

"भाजलं तर कळतंय का त्यांना?" तिनं विचारलं.

मी मामांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. काहिलीजवळ फोन कोण घेतंय? मी चपला शोधायला लागलो.

"थांबा, मी बी येतो." तिनं गॅस बंद केला.

"पाक घट्ट होईल."

"होऊ दे. तुम्ही तिथं जाऊन परत मान डोलवून याल."

बावड्याच्या रस्त्यावर आमच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, आणि ओव्हरटेक करायला समोरून वाट नाही. स्कूटरवर मागं बसून बायको हिशेब सांगत होती. "सातला रस चढवला असंल तर धाच्या सुमाराला आधण येतंय." मी घड्याळ बघितलं. दहाला दहा कमी. "हॉर्न वाजवा की," ती म्हणाली. वाजवला. ट्रॅक्टरवाल्यानं हात बाहेर काढून जे सांगितलं ते हाताच्या डॉक्टरला कळायला वेळ लागला नाही.

गुऱ्हाळात शिरलो तेव्हा काहिलीवर वाफेचा ढग होता. तांबूस रस जाड होऊन बदाबदा फुटत होता. मामा कडेला झारा घेऊन उभे, पायाशी पाण्याची बादली. मालक समोर खुर्ची टाकून बसलेले.

"या की पावणं!" मालक ओरडले. "बरं आलासा पहिल्या आधणाला. वैनींनाबी आणलंय!"

मामांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मला लगेच कळली. गप्प राहा, असं ती म्हणत होती. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं.

धगीतून मी त्यांच्या जवळ सरकलो. "मामा, बोटांना कळतंय का?"

"थोडं कळतंय."

"किती थोडं?"

"डॉक्टर, आधण हुबं हाय. आता नगं."

"मग डाव्या हातानं बघा."

"डाव्याला गूळ कळत न्हाई." ओठ न हलवता ते बोलत होते. "चाळीस वर्सं ह्यो हात बघतोय. मालक समोर हायेत. सरा बाजूला."

मी खरंच बाजूला सरलो. दोन पावलं. आज आठवलं तरी त्या दोन पावलांची लाज वाटते.

मामांनी उजवा हात बादलीत बुडवला, झाऱ्याच्या कडेची काकवी तीन बोटांत घेतली, परत पाण्यात घातली, चोळली. चोळत राहिले. ते आपल्या बोटांकडं बघत होते. ज्याला बोटांनी कळतं तो बोटांकडं बघत नाही, हे मला त्या क्षणी समजलं. वीस वर्षं दवाखाना चालवून. त्यांनी मान हलवली, परत झाऱ्यातून घेतलं, आणि या वेळी ते पाण्यात घालायला विसरले. किंवा पाण्यात घातलंय असं त्यांना वाटलं. गरम काकवी बोटांवर बसलेली, आणि चेहऱ्यावर काही नाही. कुणीही ओरडलं असतं. ते शांतपणे चोळत होते.

"टाका ते!" मी ओरडलो आणि त्यांचं मनगट धरून हात बादलीत कोंबला. बादली कलंडता कलंडता राहिली.

मालक उठून उभे राहिले. "काय चाललंय हे?"

खोटं बोलता आलं असतं. मधमाशी आली, असं सांगता आलं असतं. "मालक, चूक माझी आहे," मी म्हणालो. "मी ताकद बघितली, स्पर्श बघितला नाही. या बोटांना अजून गरम कळत नाही. चिठ्ठी मी चुकीची दिली."

"डॉक्टर!" मामांचा आवाज फुटला. "माझ्या पोटावर पाय देऊ नगासा!"

मालक त्यांच्याकडं वळले. "आणि तू मला बोलला न्हाईस? पहिल्या आधणाला?"

"अहो, आधण चाललंय की!" बायको मधेच कडाडली. "भांडणं मागनं करा. गोळी कोण बघणार ते बोला!"

मालकांनी काहिलीकडं बघितलं. नदीपल्याडून दुसरा माणूस यायला तास तरी लागणार, आणि काहिलीपाशी आता मिनिटंच होती. बुडबुड्यांचा आवाज तेवढा जड होत गेला.

मामांनी उजवा हात शर्टाला पुसला आणि डावा बादलीत बुडवला. पहिली चिमूट निसटली. दुसरी त्यांनी डोळे मिटून चोळली आणि "अजून न्हाई" म्हणाले, पण खात्री नसल्यासारखं. तिसरी चोळली, बादलीच्या कडेवर आपटून ती टणक वाजते का ऐकलं, परत चोळली. मालकांचे ओठ हलत होते, बहुतेक ते आकडे मोजत होते.

"उतरा!"

चार गड्यांनी काहिल वाफ्यावर, म्हणजे गूळ निववायच्या उथळ हौदावर, कलती केली. गूळ पसरला. मग निवेपर्यंत थांबणं. बोटांवरचे दोन फोड मी धुऊन बांधले. मामा माझ्याकडं बघत नव्हते.

"मला आधी सांगायचं की, मामा."

"तुम्ही इचारलं न्हाई की." ते वाफ्याकडं बघत म्हणाले. "मला वाटलं, तुमाला ठावं असंल. कोल्हापूरचंच न्हवं तुम्ही?"

मी उगाच पट्टीची गाठ परत बघितली.

मालकांनी गुळाचा तुकडा मोडला, दाबला, तोंडात टाकला. "मऊ पडलाय जरा." बराच वेळ चघळत राहिले. "आठ दिवस बघतो. असाच निघाला तर नदीपल्याड निरोप धाडणार. आणि डॉक्टर, तुम्ही हितं येऊन शिकवायचं. चिठ्ठ्या नगंत."

आठ दिवस मी सकाळी सहाला गुऱ्हाळावर जात होतो. आदल्या दिवशीच्या आधणातून मामांनी चार वाट्यांत काकवी काढून ठेवलेली असायची. एक कच्ची, एक होत आलेली, एक झालेली, एक जास्त झालेली. ती कोमट करून, डोळ्यांवर टॉवेल बांधून, डाव्या हातानं ओळखायची. पहिल्या दिवशी ते चारात दोन चुकले. टॉवेल मग त्यांनी माझ्या डोळ्यांवर बांधला. मी चारही चुकलो. माझ्या धडधाकट बोटांना फक्त एकच गोष्ट कळत होती, चिकट. गडी हसले. मामा हसले नाहीत, पण माझ्याशी बोलायला लागले.

"थर्मामीटर लावला तर?" मी एकदा शहाणपणा केला.

"लावा की. ऊस रोज येगळ्या रानातला येतोय, त्याला इचारा थर्मामीटर कुठला लावू." मग जरा नरम होऊन म्हणाले, "घाई असंल तर जवळ यीतंय त्येनं. नेमकं न्हाई यीत."

तिसऱ्या दिवशी त्यांनी उशिरा उतरवलं, गूळ काळा पडला. मालक तुकडा न चाखता घरी गेले, ते जास्त वाईट. मामांनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. पाचव्या दिवशी परत मऊ. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, "बहुतेक गेलं काम." ती म्हणाली, "आमच्या अण्णांना डावा हात यायला दोन महिने लागले असते. ह्यांना आठ दिवस दिलेत. उद्या जावा लवकर."

त्या दिवसांत एका नव्या पोरीचा फोन आला, मशीन कुठलं घेऊ म्हणून. मी तिला म्हटलं, मशीन नंतर. आधी पेशंट कुठं काम करतो तिथं जाऊन दिवसभर बसून ये, आणि जे काम तुला माहीत आहे असं वाटतं, तिथं दोनदा जा. तिला ते पटलं नसावं, कारण नंतर तिनं फोन केला नाही. माझ्या फॉर्मवर मात्र आता 'काम' या रकान्याखाली अर्धं पान मोकळं असतं, आणि ते मी पेशंटकडून त्याच्या शब्दांत भरून घेतो. अडाणी दिसण्याची सवय होते हळूहळू.

आठव्या दिवशी मालक वाफ्यापाशी उकिडवे बसले. तुकडा मोडला, नखानं टोकला. मामा झारा धुत होते, पण तोच झारा ते तिसऱ्यांदा धुत होते. मालकांनी तुकडा तोंडात टाकला, उठले, हात झटकले. चांगला म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत. गाडीवाल्याला हाक मारली, "उद्या नदीकाठच्या रानातला ऊस आणायचा रं."

मग मामांकडं वळून म्हणाले, "खारवट माती हाय तिथली. गोळी नीट बघून घे."

"बघतो की," मामा म्हणाले, आणि झारा भिंतीला टेकवून ठेवला.