अ. ब. क. यांची तक्रार

आमच्या मराठीच्या अभ्यासक्रमाची बैठक दरवेळी प्रश्नपत्रिकेपासूनच सुरू होते. आधी मार्कांची वाटणी, मग काय शिकवायचं ते. गेल्या खेपेला मी म्हटलं, मुलांना खरी पत्रं लिहून पोस्टात टाकू द्या. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, ते पेपरात बसतंय कुठं? आन् तपासायचं कुणी?" झालं, विषय संपला. पाच मार्कांचं तक्रारपत्र तेवढं राहिलं.

मी अशी चिडले! तेव्हा कॉलेजच्या नळाला महिनाभर पाणी नव्हतं. वर्गात जाऊन म्हटलं, पाण्याच्या ऑफिसला खरंखुरं तक्रारपत्र लिहा.

"पेपरला हाय का, मॅडम?" मागच्या बाकावरून लगेच आलं.

नाही म्हटल्यावरही कबनूरहून येणाऱ्या एका मुलीनं लिहिलं आणि पोस्टात टाकलं. मला केवढा आनंद झाला! पण दोन आठवडे झाले तरी नळ कोरडाच. शेवटी मीच त्या ऑफिसात गेले. कारकुनानं फायलीतून पत्र काढून माझ्या हातात दिलं. "कुणाचं म्हणायचं हे? कॉलेज कुठलं, तेबी न्हाय."

खाली सही होती, अ. ब. क. पत्ता, क्ष महाविद्यालय. परीक्षेत खरं नाव-गाव घालायचं नाही, हे वर्षभर मीच मुलांकडून घोकून घेतलं होतं.

पुढच्या बैठकीत ते पत्र मी अध्यक्षांपुढं आपटलं. त्यांनी चष्मा लावला आणि शेवटपर्यंत वाचलं.

"झकास हाय की! पाचपैकी पाच."